भेकांचं माहेर सांगणारी मशीन

मी एक जुनी पीसीआर मशीन आहे. मिक्सरच्या खोक्याएवढी, पोटात छोट्या नळ्यांसाठी शहाण्णव खळगे. नागपुरात सक्करदऱ्याजवळच्या एका महाविद्यालयात माझी अठरा वर्षं गेली. मित्रांनो, डीएनएचा इवलासा तुकडा द्या. मी तो तापवते, निववते, पुन्हा तापवते आणि दोन तासांत त्याच्या कोट्यवधी प्रती काढून देते. मग तो वाचता येतो.

एके काळी माझ्यासाठी रांग लागायची. मग नवी मशीन आली आणि माझ्या पाठीवर 'निर्लेखन' अशी चिठ्ठी चिकटली. म्हणजे भंगार. मला वरच्या फळीवर टाकून माझ्या डोक्यावर रिकामे डबे रचले गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

नव्या मशीनवर नंबर लागेना, म्हणून नूपुर नावाच्या विद्यार्थिनीनं मला खाली उतरवलं. ती भेकांचा, म्हणजे खरबरीत पाठीच्या, जमिनीवर रमणाऱ्या बेडकांचा अभ्यास करत होती. नागपूरजवळच्या कुहीचे आणि कन्हानचे भेक दिसायला सारखेच, पण घराणी वेगळी असावीत, असा तिचा अंदाज होता. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो. आईला आजीकडून, आजीला पणजीकडून. भेकाचं माहेरच म्हणा ना!

कुहीला चंपतराव नावाच्या शेतकऱ्याच्या धानाच्या बोडीवर, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यावर, तिनं बारा भेकांच्या तोंडात कापसाची काडी फिरवून नमुने घेतले. कन्हानच्या नदीकाठचेही बारा आणले. मी मन लावून प्रती काढल्या. घराणी खरंच वेगळी निघाली. पण कुहीच्या बारांपैकी तिघांचं माहेर निघालं कन्हान.

तिचे मार्गदर्शक शरच्चंद्र सर यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, नाहीतर ही म्हातारी बिघडली असेल, असं ते म्हणाले. सोमवारी भंगारवाला येणार होता, त्याला मलाही देऊन टाकायचं ठरलं. मला रागच आला. बिघडले तर माझ्याकडून प्रतच निघणार नाही. कुहीच्या भेकाला मी कन्हानचा कशी करीन? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाच झकास झाला, तरी दोष अंगणालाच.

नूपुरनं हार मानली नाही. पाठीच्या फोटोंवरून ओळखून त्याच तिघांचे नमुने तिनं पुन्हा आणले. उत्तर तेच आलं. शनिवारी ती चंपतराव आणि त्यांच्या पत्नी शामलाबाई यांना घेऊनच आली. बाहेरून कुणी भेक आणून सोडले होते का, असं सरांनी विचारलं. चंपतरावांनी ठामपणे नाही म्हटलं.

शामलाबाई पदर सावरत म्हणाल्या, "यायले काय माहीत, सर? मीच आणले. धानाले कीड लागून राहिली होती. माह्या माहेरी, कन्हानले, लय भेक. थैलीत भरून आणले न बोडीत सोडले."

"मले काहून नाही सांगितलं वं?" चंपतराव म्हणाले.

"सांगतलं असतं तं आणू देले असते का? थैली तं बसमध्ये तुमच्याच मांडीवर होती जी."

सर पोट धरून हसले. शामलाबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "मशीन खरंच बोलून राहिली होती, सर."

सरांनी माझ्या पाठीवरची चिठ्ठी स्वतःच्या नखानं खरवडून काढली. त्या क्षणी मला नव्यासारखं वाटलं.

मित्रांनो, एका तळ्याचा भेक उचलून दुसऱ्या तळ्यात सोडू नका. मिसळलेली घराणी पुन्हा निवडता येत नाहीत. आणि जुन्याला खोटं ठरवण्याआधी एकदा पुन्हा तपासून पाहा. सोमवारी भंगारवाला आला खरा, पण त्याला फक्त माझ्या डोक्यावरचे ते रिकामे डबे मिळाले.