पायरीवरची कोरी जागा

मी एक जुनं चित्र आहे. तेही दुसऱ्या चित्राकडे बघून काढलेलं. नक्कल म्हटलं की लोक नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझ्यात एक गोष्ट अशी होती, जी मूळ चित्रातही नव्हती. आता ती माझ्यापाशी राहिली नाही, म्हणून तर हे तुम्हाला सांगतो आहे.

मूळ चित्र जपानी, लाकडी ठशांनी छापलेलं. त्यात डोंगरातलं देऊळ, उंच झाडं, सगळीकडे बर्फ आणि दगडी पायऱ्यांवर पाठमोरी उभी असलेली एक छत्रीवाली बाई. अशा चित्रांच्या हुबेहूब प्रती हाताने रंगवून देणारी एक चित्रशाळा होती. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर दोन बहिणी समोरासमोर बसत. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटीला चिमणी म्हणत, कारण तिची बडबड दिवसभर थांबत नसे.

दोघींची कामाची वाटणी ठरलेली होती. देऊळ, झाडं, पायऱ्या ताईच्या आणि माणसं चिमणीची. ताईचा हात फार पक्का. ठशाच्या लाकडातल्या रेषा छापताना आकाशावर उमटतात ना, त्यासुद्धा ती कोरड्या कुंचल्याने हुबेहूब उतरवायची. बर्फ मात्र दोघींपैकी कुणीच रंगवत नसे. बर्फ म्हणजे सोडलेला कागद. "पांढरा रंग काय, कुणीही फासेल," ताई म्हणायची. "बर्फ सोडता आला पाहिजे."

माझं देऊळ झालं, पायऱ्या झाल्या. चौथ्या पायरीवर बाईच्या आकाराची कोरी जागा तेवढी उरली. चिमणीने कुंचला उचलला आणि परत खाली ठेवला. पंधरा दिवस तिच्या अंगात ताप होता.

"ताई, हिला उद्या करते गं. आज हात थरथरतोय."

"कर सावकाश. ती काय कुठे पळून जातेय?"

आठवड्याच्या आत चिमणीच गेली. मागे तिची तीन वर्षांची लेक राहिली. ती ताईच्या पदरात आली.

पुढे चित्रशाळेच्या मालकांनी मला उजेडात धरून पाहिलं. "ताई, यातली बाई कुठे गेली?"

"यायचीय अजून."

"अहो, तुम्हीच भरून टाका ना. दहा मिनिटांचं काम."

मालकांचा शब्द ताईने कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. माझ्याऐवजी तिने दुसरी प्रत करून दिली आणि मला घरी नेलं. चौकट करणाऱ्याला तिने बजावून सांगितलं, "काच लावू नका. ती आत कोंडली जाईल."

रोज संध्याकाळी ताई माझ्यासमोर स्टूल ओढून बसे. "आज हिचा दात पडला गं," असं काहीबाही सांगे. उत्तर येत नसे. पण मित्रांनो, माझ्या पायरीवर उभं राहून कुणीतरी ऐकत असे. रंग कुठे आहे आणि कुठे नाही, हे चित्राला कळतं. त्या कोऱ्या जागेला वजन होतं. ते आठवलं की अजून माझा कागद शहारतो.

पाहुणे माझ्याकडे पाठ करून बसायला धजत नसत. शेजारीण तर एकदा त्या कोऱ्या जागेकडे बघून म्हणाली, "परवा ही खालच्या पायरीवर होती ना हो?"

"दमते ती चढून," ताई म्हणाली आणि निवडत असलेली भाजी निवडत राहिली.

मग ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मी तिला दिसेनासा झालो, तेव्हा ती बोटाने मला पाहू लागली. रंग बसलेला कागद बोटाला गुळगुळीत लागतो, कोरा कागद खरखरीत. पायऱ्या मोजत तिचं बोट वर चढे आणि खरखरीत जागी थांबे. "आहेस ना?" एवढंच ती विचारी.

लेक मोठी झाली. त्याच चित्रशाळेत आईच्या जागी बसू लागली. ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा लेकीच्या मनात आलं, की मावशीला दिसू लागेल त्या दिवशी तिला आई पुरी झालेली दिसावी. ताई दवाखान्यात असताना तिने मला भिंतीवरून उतरवलं. समोर मूळ चित्र ठेवलं, आईचाच कुंचला घेतला आणि जीव ओतून काम केलं. छत्री, पाठ, किमोनोची ओली कड. रडत होती, पण एक थेंब माझ्यावर पडू दिला नाही. तिला मी कसा दोष देऊ?

पण तिचा कुंचला टेकला, तेव्हा पायरीवरचं वजन उठलं. ते कुठल्या बाजूने गेलं, मला दिसलं नाही.

ताई काळा चष्मा लावून घरी आली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काय हात आहे गं तुझा," ती म्हणाली. "आईपेक्षा सवाई निघालीस."

"आता बोट ठेवायला जागा नाही हो!" भेटायला आलेली शेजारीण म्हणाली.

लेक डोळे पुसत चहा टाकायला आत गेली, शेजारीणही तिच्यामागे गेली. ताईने स्टूल ओढलं. चष्मा काढला आणि ते नवे डोळे घट्ट मिटून घेतले. बोट पहिल्या पायरीवर आलं, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि चौथीवरून न अडता पुढे घसरलं. ती मागे फिरली. पुन्हा मोजलं. पुन्हा घसरलं.

"चिमणे?" ती हळूच म्हणाली. "कुठे गेलीस गं?"

"मावशी, काही म्हणालीस?" आतून आवाज आला.

ताईने डोळे उघडले. "नाही गं. साखर बेताची घाल म्हटलं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. धूळ झटका, ओल लागू देऊ नका, वाळवीपासून जपा. पण कुठे रिकामी जागा दिसली, तर ती भरण्याआधी घरातल्या माणसाला एकदा विचारा. ताई अजूनही रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसते. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं. बोलत मात्र काहीच नाही.