महादेवाच्या फोटोमागचा लाल खटका

मी एक जुना लाल खटका आहे, मित्रांनो. उदगीरहून जळकोटकडे जाताना एक डाळमिल लागते. तिथं डाळ निवडायच्या सरकत्या पट्ट्याशेजारच्या खांबावर मी बसवलेला आहे. मला दाबलं की पट्टा जागच्या जागी थांबतो. एवढंच माझं काम. दुसरं काही मला येत नाही आणि यावं अशी इच्छाही नाही. तरीही लोकांनी माझा देव्हारा केला, आता बोला!

माझा जन्म पुण्याकडच्या एका लहान कारखान्यात झाला. माझं डोकं मुद्दाम मोठं आणि लालभडक केलं होतं, घाबरलेल्या माणसाच्या हाताला ते न शोधता सापडावं म्हणून. इथं आलो तेव्हा मिलचे मालक चंद्रप्पा होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. अप्पा पक्के शिवभक्त; घरची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. पण मिलमध्ये त्यांनी कधी उदबत्ती लावली नाही. रोज सकाळी आधी पट्टा सुरू करायचा, मला दाबून तो थांबतो ना हे बघायचं आणि मगच बायांना कामाला बसवायचं, असा त्यांचा नेम होता.

कुणी म्हणालं, "अप्पा, मिलमधी देव पाहिजे बगा," तर ते म्हणायचे, "आधी माणसाचे हात साबूत ऱ्हाऊ द्या. देव बी तेच बघतोय."

त्या वर्षांत मी तीनदा कामी आलो. एकदा सिद्धराम हमालाची बाही पट्ट्यात गेली, तेव्हा अप्पांनीच झेप घेऊन मला दाबलं. सिद्धरामला खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी अप्पांनी मला आपल्या उपरण्यानं पुसलं. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं.

पुढं अप्पा थकले आणि त्यांचा मुलगा वीरेश कारभार बघू लागला. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगतो. बायांना अव्वा, म्हणजे आई, म्हणतो, कुणाला टाकून बोलत नाही. पण गेल्या वर्षी तो कसल्याशा पाच दिवसांच्या शिबिराला गेला आणि कामाच्या जागी अध्यात्म आणायचं खूळ घेऊन परतला. पाठोपाठ एक वास्तुतज्ज्ञ आले. त्यांनी होकायंत्र फिरवलं आणि ईशान्य कोपरा नेमका माझ्याच खांबावर काढला. झालं! महादेवाचा भला मोठा फोटो असा टांगला, की मी पुरता झाकला गेलो. वर झेंडूचा हार आणि खाली पाटी: 'चप्पल काढून पुढे यावे.'

रोज सकाळी पंधरा मिनिटं प्रार्थना होऊ लागली. प्रार्थनेत वेळ जातो म्हणून मला दाबून बघणं बंद झालं. माझ्या फटींत विभूती भरली, हाराचं पाणी अंगावर ओघळू लागलं, धुरानं जीव नकोसा झाला. नमस्कार मात्र रोज चाळीस! मी किती वैतागलो म्हणून सांगू? अहो, मी खटका आहे खटका! मला हात जोडून काय होणार?

निवडणीवरच्या बायांत नागम्मा सगळ्यांत जुनी. श्रावणातल्या एका सोमवारी तिचा पदर पट्ट्याच्या रुळात गेला. तो सोडवायला तिनं डावा हात घातला आणि हातही आत ओढला गेला. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. सिद्धराम गोणी टाकून माझ्याकडे धावला. माझ्यापासून दोन हातांवर आला आणि थांबला.

मित्रांनो, त्यानं चपला काढल्या.

एका चपलेचा पट्टा निघेना, तर वाकून काढला. अरे बाबा, तसाच ये, चिखलाच्या पायांनी ये, असा मी आतल्या आत आकांत करत होतो. मग त्यानं दोन्ही हातांनी फोटो उतरवला. जमिनीवर कसा ठेवायचा म्हणून गोणीवर ठेवला. आणि मग मला दाबलं. मी त्याच क्षणी पट्टा थांबवला. मी चुकलो नाही. पण तोवर नागम्माची दोन बोटं गेली होती आणि तळवा चिरडला होता.

"माझे पाय आपोआप थांबले गं अव्वा," म्हणत सिद्धराम तिथंच खाली बसून रडला. मला त्याचा राग येत नाही. रोज तेच शिकवल्यावर तो दुसरं काय करणार?

यावर वीरेशनं काय करावं? फोटो परत माझ्यावर टांगला आणि शांतिपूजा घातली! दोन महिन्यांनी नागम्मा कामावर आली, तो त्या पूजेचाच दिवस होता. वीरेश आरतीचं ताट तिच्यापुढं धरून म्हणाला, "अव्वा, आरती तुमीच करा. मनाला बरं वाटंल."

नागम्मानं पदराखालचा डावा हात बाहेर काढला.

"साहेब, ह्या तळव्यावर गळ्यातलं इष्टलिंग घिऊन मी रोज पूजा करायची. ल्हानपणापासून एक दिस चुकला न्हाई. आता तळवा उघडत न्हाई, लिंग ठरत न्हाई. तुमच्या पूजेनं माझी पूजा नेली."

वीरेशनं ताट खाली ठेवलं आणि स्वतःच फोटो उतरवून ऑफिसात नेला. पाटीही काढली.

मित्रांनो, कामाच्या जागी देव असावा की नसावा, ते तुम्ही ठरवा. माझी विनंती एवढीच, की तुमच्या आसपास माझ्यासारखा एखादा लाल खटका असेल, तर त्याच्यापुढं काही टांगू नका आणि रोज एकदा दाबून बघा. नागम्मा आता एका हातानं डाळ निवडते. डावा हात ती पदराखाली लपवते, पण पदर सरकतोच आणि माझ्यापुढं आता फोटो नाही, त्यामुळं तो मला दिवसभर दिसतो.