जुन्या पावत्या आणि माझे दोनशे एकेचाळीस दोष

आमच्या हिने माझ्या दोषांची यादी करून ठेवली होती आणि ती मी पुसून टाकली. मुद्दाम नाही. मुद्दाम पुसली असती तर निदान हुशारी तरी पदरात पडली असती.

आधी यादीबद्दल सांगतो. एकतीस वर्षांच्या संसारात ती मला सारखी म्हणायची, "लिहून ठेवते हं मी." मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे. ती गेल्यावर महिन्याभराने लेकीने कॉम्प्युटर उघडून दाखवला तेव्हा कळलं, बाई खरंच लिहून ठेवत होती. नंबर घालून. एकूण दोनशे एकेचाळीस. पहिला असा: "काम करताना स्क्रू पडला की हे सगळ्या घराचा पुतळा करतात. दूध उतू गेलं तरी हलू देत नाहीत."

खरं आहे. मी घड्याळं दुरुस्त करतो. मनगटी घड्याळातला स्क्रू तिळाएवढाही नसतो. तो खाली पडला की कोणी हलायचं नाही. झाडायचं नाही, चटई उचलायची नाही, खुर्ची सरकवायची नाही. स्क्रू आपला आपण हरवत नाही. तो पडतो तिथेच असतो. त्याला हरवतात माणसांचे पाय.

यादी मी एका दमात वाचली नाही. रोज चारच्या चहाबरोबर एक नंबर, औषध घेतल्यासारखा. त्यामुळे घरात रोज कोणीतरी मला एक वाक्य बोलत होतं. एकशे अठरापर्यंत पोचलो होतो. अजून एकशे तेवीस दिवसांची बोलणी शिल्लक होती, आणि मी त्यांच्या भरवशावर होतो.

अशात कॉम्प्युटर म्हणाला, जागा भरली. म्हणून मी आवराआवर काढली. लेकीने यादीचं चित्र पडद्यावर अगदी मध्ये लावून दिलं होतं, त्याला मी हात लावला नाही. बाकीच्यात एक कप्पा दिसला, "जुन्या पावत्या". जुन्या पावत्या टाका म्हणून हिने माझं आयुष्यभर डोकं खाल्लं होतं. म्हटलं, चला, उशिरा का होईना, ऐकू. कप्पा पुसला. कचरापेटीही रिकामी केली, कारण आमच्याकडे कचरा साठवत नाहीत.

चार वाजता चहा घेऊन बसलो आणि यादीचं चित्र दाबलं. उघडेना. चित्र जागच्या जागी, आत काही नाही. तबकडी आहे, काटे आहेत, यंत्र गायब.

लेकीला फोन लावला.

"बाबा, ते चित्र म्हणजे नुसती पाटी आहे. खरी फाइल 'जुन्या पावत्या'त होती."

"तिथे कशाला?"

"आईलाच माहीत. पुसलीत का?"

"पुसली."

"कचरापेटीत असेल ना पण?"

"तीही रिकामी केली."

"बाबा, आयुष्यात कधी कचरा बाहेर नेला नाहीत," लेक म्हणाली, "आणि आज नेलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हजर. लेक, जावई आणि माझी मेहुणी. जावई शाळेत गणित शिकवतात. मेहुणी कपडे शिवते आणि माणसं उसवते.

"भावोजी," ती चपला काढता काढता म्हणाली, "ताईने एवढ्या मेहनतीने पुरावा गोळा केला आणि तुम्ही तो नष्ट केलात. यालाच म्हणतात मुरलेला आरोपी."

जावई कॉम्प्युटर सुरू करून बसले. "काळजी नको, बाबा. पुसलेलं परत आणायची सॉफ्टवेअरं ढिगाने आहेत. हे बघा, पहिलंच. पावणेपाच तारे. उतरवून घेतो."

"थांबा," मी म्हणालो. "आधी मला सांगा, पुसलं म्हणजे गेलं कुठे?"

"गेलं नाही, बाबा. फाइल तिथेच असते. कॉम्प्युटर फक्त तिचा पत्ता खोडतो आणि ती जागा रिकामी आहे असं धरून चालतो. दुसरं कोणी येऊन त्या जागेवर बसलं की मगच ती जाते."

"आणि हे सॉफ्टवेअर तुम्ही उतरवलंत की ते कुठे बसणार?"

"रिकाम्या जागेवर," जावई म्हणाले.

"आणि यादी कुठे आहे?"

जावयांचा हात कॉम्प्युटरच्या उंदरावरून उचलला गेला. "रिकाम्या जागेवर," ते हळूच म्हणाले.

"कोणी हलू नका," मी म्हणालो.

सवयीने सगळेच थिजले. लेक तर लहानपणापासून तयार आहे, तिने श्वाससुद्धा रोखला. तेवढ्यात पडदा निळा झाला आणि अक्षरं आली: नवीन सुधारणा बसवत आहोत, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. तीन टक्के.

"बसवतोय," लेक म्हणाली. "बाबा, हा बसवतोय. त्याच जागेवर."

"बंद करू नका असं लिहिलंय," जावई म्हणाले. ते नियमाने चालणारे गृहस्थ आहेत.

चार टक्के. मी टेबलाखाली शिरलो आणि भिंतीतला प्लग उपटला. बाहेर आलो तर मेहुणी टाळ्या वाजवत होती. "बासष्टाव्या वर्षी काय चपळाई! ताई असताना दारावरची घंटा वाजली तरी उठत नव्हतात."

"तो नंबर चाळीस," मी म्हणालो.

आता जावयांनी आपला लॅपटॉप काढला आणि आम्ही चौघं त्याच्यासमोर बसलो, स्थळं बघायला बसावं तसे. एकेक सॉफ्टवेअर पुढे यायचं.

पहिलं पावणेपाच ताऱ्यांचं. वर मोठ्या अक्षरांत: तुमची प्रत्येक फाइल शंभर टक्के परत.

"नको," मी म्हणालो.

"का हो? दिसायला चांगलं आहे," मेहुणी म्हणाली. "रंग बघा, मोरपिशी."

"घड्याळ न उघडता शंभर टक्के म्हणणाऱ्याच्या हातात मी माझं घड्याळ देत नाही."

दुसरं बरं वाटलं. सापडलेली फाइल आधी दाखवीन म्हणत होतं. पण परत आणलेली फाइल कुठे ठेवणार म्हणून जावयांनी खोलात वाचलं, तर ते आपणहून तिथल्या तिथेच, त्याच डिस्कवर ठेवणार होतं.

"म्हणजे पडलेला स्क्रू शोधायला शोधणाराच खोलीभर नाचणार," लेक म्हणाली. मुलगी घड्याळवाल्याची आहे.

तिसरं अगदीच गबाळं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक चित्र नाही. सुरुवातीलाच लिहिलं होतं: ज्या डिस्कवरची फाइल गेली ती वापरणं ताबडतोब थांबवा. तिच्यावर काहीही लिहू नका. हे सॉफ्टवेअर फक्त वाचतं. काय मिळेल ते सांगता येत नाही, आधी बघू.

"हे घ्या," मी म्हणालो.

"याला तर जेमतेम तीन तारे आहेत," जावई म्हणाले.

"लोकांना खरं बोललेलं आवडत नाही. माझ्या दुकानालाही तीनच पडतील."

"दोन," मेहुणी म्हणाली.

आता जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून जावयांनी आणलेल्या जोडणीच्या डबीत घालायची आणि ती लॅपटॉपला लावायची होती. हे काम माझं. पेचकस घेतला, डोळ्याला भिंग लावलं. कॉम्प्युटरचे स्क्रू माझ्या हिशेबाने बैलगाडीच्या चाकाएवढे. चौथा स्क्रू सुटला आणि टणकन उडाला.

"कोणी..." मी म्हणालो, पण पुढचं म्हणायची गरजच नव्हती. लेक कपात चहा ओतता ओतता थांबली. जावई अर्धवट उठलेले, ना उभे ना बसलेले. मेहुणीचा एक पाय हवेत.

"भावोजी, माझं वय बघा," ती म्हणाली.

"हलू नकोस."

"गुडघा बघा मग."

मी गुडघ्यांवर रांगत फरशी तपासत होतो. वरून तिने सुरू केलं, अगदी हिच्या आवाजात: "नंबर एक. हे सगळ्या घराचा पुतळा करतात." लेक फिसकन हसली, चहा बशीत सांडला. जावयांनी हसू दाबलं तर त्यांच्या गुडघ्यांतून ते बाहेर पडायला लागलं, सगळे थरथरायला लागले आणि त्या थरथरीत जावयांच्या पँटच्या दुमडीतून स्क्रू खाली पडला. मग मला उठताच येईना. फरशीवर बसून हसलो. ही गेल्यापासून एवढा हसलो नव्हतो, आणि जे हसलो ते तिच्याच वाक्यावर.

सॉफ्टवेअरने दोन तास घेतले. नावं सगळी गेलेली होती, नुसते आकडे. एकेक फाइल उघडून बघायची. मेहुणीने पाठवलेली फुलांची चित्रं तीनशे चौदा निघाली.

"पुसलीत?" ती म्हणाली.

"तुझ्या ताईने."

"मेली," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. मग तीच म्हणाली, "पुढची उघडा हो, गणितमास्तर."

पुढच्या बऱ्याच नुसत्या पावत्या होत्या. पंख्याची, गादीची, मिक्सरची. आणि मग जावयांनी एक उघडली आणि ते नुसते बाजूला सरकले. पडद्यावर होतं: "काम करताना स्क्रू पडला की हे सगळ्या घराचा..."

पेन ड्राइव्हवर उतरवली. मग लेकीने आणखी एकावर, जावयांनी लॅपटॉपवर, मेहुणीने आपल्या फोनवर. "एक प्रत माझ्याकडे हवीच," ती म्हणाली. "वापरायला."

एकशे पन्नास ते एकशे त्रेसष्ट मात्र परत आले नव्हते. तिथे नुसते चौकोन. सुधारणेचे चार टक्के बहुतेक तिथेच बसले.

"ते चौदा गुन्हे माफ," मेहुणी म्हणाली.

मी म्हटलं, पुढचं कोणी वाचायचं नाही, मी एकशे अठरावर आहे. पण फाइल पूर्ण आहे का बघायला लेक शेवटाकडे गेली आणि थांबली. दोनशे एकेचाळीसच्या खाली दोनशे बेचाळीस होता. मग त्रेचाळीस. थेट तीनशेपर्यंत. नुसते नंबर, पुढे काही नाही.

"आईने आधीच नंबर घालून ठेवले होते," लेक म्हणाली. "मला वाटायचं यादी दोनशे एकेचाळीसला संपते."

आजारपणातच टाइप केले असणार. मी बराच वेळ त्या रिकाम्या नंबरांकडे बघत राहिलो.

"जागा राखून ठेवलीय तुमच्यासाठी," मेहुणी म्हणाली. "कामाला लागा, भावोजी."

मी एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे वेळ लागला. तिघं डोक्यावर उभे. "२४२. यांनी ही यादीच पुसली." लेकीने पुढे लिहिलं, "आणि कचराही नेला." जावई म्हणाले, ते वेगळ्या नंबरात हवं. मेहुणी म्हणाली, हिशेबनीसाला यात कोणी विचारलं नाही. संध्याकाळी सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा घेतला आणि एकशे एकोणीस उघडला.

"हे काहीही टाकून देत नाहीत. म्हणून ही यादी मी जुन्या पावत्यांत ठेवली आहे. तिथे ती कायम राहील."

मी तो नंबर पुन्हा एकदा वाचला आणि एकटाच इतका हसलो की शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं, आमच्या हिचा अंदाज पहिल्यांदाच चुकला. तोवर चहा गार झाला होता. तो नंबर बावीस.