रेवाच्या पोटातली डबी

गोहलपुरात कुणाकडे बाळ जन्मलं की मालिशीला सत्यभामाबाईंनाच बोलावणं जायचं. त्यांच्या हाताखाली मूल रडत नाही, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो चारचौघांत सांगायला त्या स्वतःही मागेपुढे पाहत नसत. मग सख्खी नात, दीड वर्षाची रेवा, त्या दुसऱ्या कुणाच्या हाती कशाला देतील?

रेवाचं हृदय जन्मापासून मंद चालायचं. म्हणून नागपूरला तिच्या पोटाच्या कातडीखाली पेसमेकरची डबी बसवून तिथून हृदयापर्यंत तार नेली होती. गेला आठवडाभर पोरीचं पोट उचकी लागल्यासारखं सारखं उडत होतं. आज सकाळी ती बेशुद्ध पडली.

नागपूरच्या त्याच दवाखान्यात डॉक्टर वसुधाताईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. तार रिळावरच्या दोऱ्यासारखी डबीभोवती गुंडाळली होती आणि हृदयापासून निसटली होती, म्हणून झटके हृदयाऐवजी पोटाला बसत होते.

"असं फार क्वचित होतं. नवी तार आजच लावते. पण डबी कुणी फिरवली का? तसं असेल तर ती खोल, स्नायूखाली शिवावी लागेल. नाहीतर हीही तार अशीच निघेल."

"कोण फिरवणार?" रेवाचा बाप अंबादास तडकला. "ढिलीच बसवली असंन त्यायनं."

सून पुष्पाने सासूकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे सत्यभामाबाईंच्या ध्यानात आलं.

पोटातला वायू सरावा म्हणून त्या रोज तेलाचा हात गोल फिरवायच्या. बोटांखाली डबीही सरकायची. मग त्या ती चापून 'सरळ' करायच्या, दर वेळी एकाच अंगाला. आपल्या हाताचं त्यांना कौतुकच वाटायचं. आता गप्प बसलं तर नाव शाबूत राहणार होतं. पण पोर?

"मी फिरवत होती जी," त्या म्हणाल्या. "रोज."

अंबादास ताडकन उठला. वसुधाताई मात्र रागावल्या नाहीत. "घरी सोडताना कागद देतो आम्ही. पडू देऊ नका, करंटपासून जपा, सगळं असतं त्यात. मालिशीचं लिहायचं कुणाला सुचलंच नाही."

दुपारी डबी स्नायूखाली शिवून झाली आणि रेवाचा ठोका नव्या तारेवर नीट पडू लागला. वसुधाताई हात धुऊन खुर्चीत बसल्या, तोच सत्यभामाबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अच्छा, तो कागद काढा. मी सांगतो, तुम्ही लिहा."

वसुधाताईंनी पेन उघडलं.

"डबीवाल्या लेकराच्या पोटाले कोणी हात लावायचा नाही." पेन थांबेपर्यंत त्या थांबल्या. "आजीनं तर नाहीच."