एकोणीस नंबरचा आवाज

माझी जाळी एका बाजूनं चेपलेली आहे. हाताळून हाताळून अंगावरचा काळा रंगही उडाला आहे. तरी मित्रांनो, मला भंगारात काढायची घाई करू नका. मी मायक्रोफोन आहे, वयानं जुना, पण कानाचा अजून पक्का. एका महायोद्ध्याचा जन्म माझ्यासमोर झाला. नंतर त्याच्या शेजारी दुसरे महायोद्धे येऊन उभे राहिले आणि सगळ्या खेळाचा सूरच पालटला, तेही मी ऐकलं. तीच हकिकत तुम्हाला सांगतो.

एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. माझ्या पोटात एक पातळ सोनेरी पडदा असतो. एक कामगार बाई तो चिमट्यानं बसवत होत्या. नुसत्या श्वासानंही तो हलला असता, म्हणून त्यांनी दम रोखून धरला होता. पडदा बसला आणि त्यांनी हुश्श केलं. मी ऐकलेला तो पहिला आवाज.

तिथून मी एका स्टुडिओत आलो. खाली फर्निचरचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या, भिंतींना स्पंज लावलेला. तिथं संगणकावरचा एक खेळ तयार होत होता, ‘दूरचा पहारा’. माणसं परग्रहांवर राहायला गेली आहेत, शत्रू चालून आलाय आणि त्यांना वाचवायला एक महायोद्धा आहे, असा तो खेळ. त्याला लहानपणापासून लष्करानंच वाढवलेलं. त्याच्या शरीरात असे काही बदल केलेले, की तो एकटा दहाजणांना भारी पडावा. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. एकोणीस.

एकोणीसला आवाज दिला तो काकांनी. काका सव्वीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करत होते. खेळाचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत, एकदा बसची वाट पाहत बसले होते. “गाडी दोन तास उशिरा सुटेल,” असं काकांनी भोंग्यावरून सांगितलं आणि अख्ख्या स्थानकात कुणी चिडलं नाही. साहेबांनी बस सोडली आणि काकांना गाठलं.

काका यायचे, चष्मा पुसायचे, कोमट पाण्याचा घोट घ्यायचे आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर उभे राहायचे. एकोणीस फार कमी बोलायचा. “दार उघडा.” “मागे राहा.” “मी जातो.” बस्स. पडक्या शहरांतून तो एकटा चालत जायचा आणि खेळणाऱ्याला त्याच्या पावलांखेरीज काही ऐकू यायचं नाही. लोकांना ती शांतता फार आवडली. एकामागून एक तीन भाग आले. एका मासिकात काकांचा फोटो छापून आला, त्यात मीही होतो. खोटं कशाला सांगू, तेव्हा मी भलताच फुशारलो होतो.

चौथ्या भागाला लेखिकाबाई आल्या. आधी त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांनी तीन नवे महायोद्धे आणले. या तिघांना कुणी लहानपणी उचलून नेलं नव्हतं. लढाईत जबर जखमी झालेली ही मोठी माणसं, आपण होऊन या बदलांना तयार झालेली. त्यामुळे त्यांना मागं घर होतं, आई होती, वाईट सवयी होत्या. ते एकमेकांची टर उडवायचे, भांडायचे, हुकूम मिळाला की “का?” विचारायचे. त्यांतल्या सगळ्यात लहान योद्धीला धाकटी म्हणत. तिला आवाज देणारी मुलगी एरवी मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे आवाज असा खणखणीत की काचा हलाव्यात. स्टुडिओतही सगळे तिला धाकटीच म्हणू लागले.

तिघं एकदम बोलणार, म्हणून नवे मायक्रोफोन आले. माझी रवानगी त्याच खोलीतल्या कपाटात, खालच्या फळीवर झाली. दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू यायचं.

“बाई, आपला खेळ म्हणजे सन्नाटा,” साहेब एकदा वैतागून म्हणाले. “तुम्ही तर सहलीला निघालेली टोळी आणून बसवलीत!”

“साहेब, मी अकरा वर्षं भाजलेल्या माणसांच्या वॉर्डात काढली,” बाई म्हणाल्या. “आयुष्यात सगळ्यात जास्त विनोद मी तिथं ऐकले. ज्याची पट्टी सकाळी बदलायची असायची, तो आदल्या संध्याकाळी सगळ्या खोलीला हसवायचा.”

“पण लोकांना एकोणीस हवाय.”

“आहे ना एकोणीस. फक्त आता त्याला कुणीतरी प्रश्न विचारणार आहे.”

साहेबांनी नाइलाजानं मान्य केलं, पण एक अट घातली. एकोणीस होता तसाच राहील. तो डगमगणार नाही.

अशातच काकांच्या घशात गाठ निघाली. तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया ठरली. नंतर आवाज कसा येईल, येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. तोवर दिवसाला अर्धाच तास बोलायची परवानगी. आणि या तिघांबरोबरचे काकांचे सगळे प्रसंग अजून व्हायचे होते! नव्या मायक्रोफोनवर त्यांचा आवाज चिरका यायला लागला. आधीच्या तीन भागांशी त्याचा मेळ बसेना. मग ध्वनिमुद्रण करणाऱ्या ताईंनी कपाट उघडलं.

मी दमट झालो होतो. ताईंनी मला मऊ फडक्यानं पुसलं, दिव्याच्या उबेत ठेवलं. पहिला तासभर मी नुसता खरखरत होतो. ताई म्हणाल्या, “चालेल हा. थोडा वेळ द्या त्याला.”

काका रोज वेळेवर हजर. आल्याबरोबर घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. घरी त्यांनी बोलणं साफ बंद केलं होतं, सगळं पाटीवर लिहून. एकदा त्यांनी ती पाटी स्टुडिओत आणली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बायको म्हणते, तीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच माझं सगळं ऐकून घेताय.’ धाकटी खो खो हसली. काका मात्र लगेच कागद घेऊन उभे राहिले. वाया घालवायला त्यांच्याकडे मिनिटं नव्हती.

मग लिफ्टचा प्रसंग आला. यान पेटलंय, एकोणीस आणि धाकटी बंद लिफ्टमध्ये अडकलेत. धाकटी विचारते, “तुम्हाला भीती नाही वाटत का?” एकोणीसनं म्हणायचं, “नाही.”

काकांनी हातातला कागद खाली केला.

“काका, तुमचं ‘नाही’ राहिलं,” ताई म्हणाल्या.

“मला हे म्हणता येणार नाही,” काका म्हणाले.

साहेब पुढे आले. “एकोणीस घाबरत नाही, काका. तीन भाग आपण हेच सांगितलं.”

“तुम्ही सांगितलंत. मी नाही.” काकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तरीही सावकाश बोलले. “‘मागे राहा’ म्हणताना त्याचे पाय लटपटत असायचे. त्याच्या घशातून जास्त शब्दच फुटायचे नाहीत. बारा वर्षं मी त्याला असाच वाचत आलोय.”

 बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, “तुम्ही काय म्हणाल?”

काका माझ्याकडे वळले. धाकटीनं प्रश्न पुन्हा विचारला.

“वाटते,” एकोणीस म्हणाला. “रोज.”

धाकटी पुढच्या वाक्याला अडखळली. तिची ती अडखळ बाईंनी खेळात तशीच ठेवली.

चौथा भाग बाहेर पडला आणि पत्रांचा नुसता पाऊस. ‘आमच्या एकोणीसला भित्रा केलंत!’ ‘खेळ आहे की गप्पांचा अड्डा?’ साहेबांचा चेहरा उतरला. बाईंनी सगळी पत्रं वाचली आणि पुढच्या भागातली एक ओळही बदलली नाही. महिनाभरानं वेगळी पत्रं यायला लागली. कुणी लिहिलं, ‘लिफ्टपाशी मी खेळ थांबवून नुसता उभा राहतो.’ एका बाईंनी लिहिलं, ‘मी पहिला भाग पुन्हा खेळले. आता त्याचं प्रत्येक “मागे राहा” मला वेगळं ऐकू येतं.’ ते पत्र साहेबांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. मला नवल वाटलं. नव्या माणसांनी आमच्या जुन्या शांततेचाही सूर बदलला होता.

काकांची शस्त्रक्रिया पार पडली. आवाज आला, पण तो नव्हे. खडबडीत, वाळूवरून पत्रा ओढावा तसा. मधले शब्द गळून जायचे. पाचव्या भागाच्या वेळी साहेब मायेनंच म्हणाले, “काका, तुम्ही आता आराम करा. जुनी वाक्यं जोडून घेऊ, नाहीतर तुमच्यासारखा आवाज शोधू.”

काका दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे.

“एकोणीस जखमी होऊ शकतो ना?” त्यांनी विचारलं.

“होऊ शकतो,” साहेब म्हणाले.

“मग झालाय.”

त्यानंतर सहा महिने काकांनी आवाजाचे व्यायाम केले. एकेका वाक्याला सतरा-सतरा वेळा उभे राहिले. दमले की बसायचे, पाणी प्यायचे, पुन्हा उठायचे. मी माझा पडदा ताणून त्यांचं प्रत्येक अक्षर झेलत होतो.

आणि एक दिवस नव्या योद्ध्यांना आवाज देणारे ते तिघं काकांसोबत रेकॉर्डिंगला आले. मला वाटलं, यांच्या कलकलाटात काकांचं काही खरं नाही. काकांनी पहिलं वाक्य सुरू केलं. तिघांनी आपापल्या खुर्च्या पुढे ओढल्या. कुणी मध्ये तोंड घातलं नाही. कागदावर काकांच्या वाक्यात मध्येच धाकटीचा एक विनोद होता, तिची पाळीही आली. तिनं बाईंना हातानं खूण केली आणि हळूच म्हणाली, “हा नंतर करू. आधी त्यांचं होऊ दे.”

काकांना ते वाक्य पुरं करायला वेळ लागला. त्यांनी ते पुरं केलं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला फार काही लागत नाही. कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्यानं पुसा, वर्षानुवर्षं कपाटात कोंडू नका. आणि तुमच्या घरात, शेजारी कुणाचा आवाज बसला असेल, शब्द अडखळत असतील, तर त्याच्या वतीनं बोलून मोकळे होऊ नका. खुर्ची जवळ ओढा. त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या, कितीही वेळ लागो.