सांडोरच्या पायपेटीच्या पोटातली फट

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते : माझे पोट फाटलेले आहे. आता नाव सांगते. मी एक जुनी पायपेटी आहे. म्हणजे पेटीच, पण टेबलाएवढी उंच. वाजवणारा खुर्चीवर बसून पायांनी माझा भाता हलवतो. मग पोटातल्या पितळी पट्ट्यांवरून हवा जाते आणि त्या थरथरतात. लांब पट्टी सावकाश थरथरते, म्हणून तिचा स्वर खर्जातला. आखूड पट्टी भराभर थरथरते, म्हणून तिचा स्वर उंच. यात जादू काही नाही, फक्त हवा आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात मला सागवानाचे अंग आणि चामड्याचा भाता मिळाला. तिथून मी सांडोर गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये आले. दर रविवारी मिस्साच्या, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या वेळी देवळाचा वादक प्लासिड मला वाजवी. माझा पहिला स्वर निघाला की सगळे गाव उठून उभे राही. असा मान किती वस्तूंना मिळतो?

पण आमच्याकडची हवा दमट आणि खारी. हळूहळू भात्याच्या डाव्या घडीला चीर गेली. एरवी ती गप्प असे. मात्र प्लासिडने खर्जाचे स्वर धरून पाय जोरात दाबले की चिरेच्या कडा फडफडत आणि आवाज येई, "पर्र्र!" आता खर्जाचे स्वर वाजवतात केव्हा? अगदी गंभीर प्रसंगी! सगळे ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत. फादर फ्रेडरिक पुस्तकात तोंड खुपसत, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसत. देवळात हसायचे नसते.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली गावच्या हौशी नाट्यमंडळाची पेटी वाळवीने खाल्ली, म्हणून फादरांनी मला नाटकापुरती मंडळाला दिली. नाटक फार जुने, विनोदी आणि गाण्यांनी भरलेले. शाळेतल्या मार्था टीचर ते बसवत होत्या. पदे जुनीच ठेवून त्यांनी राजवाड्याची शेजारच्या माणिकपूरमधली हाउसिंग सोसायटी केली होती. मंडळाचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊ वर्षानुवर्षे राजा होत आलेले. त्यांना हे मुळीच पटले नाही.

"टीचर, राजाला चेअरमन केलंत, सफारी चढवलीत. उद्या म्हणाल, राजकन्येला टायपिस्ट करा."

"केलंय, भाऊ. तुम्ही पुढचं पान वाचलं नाहीत वाटतं."

"आणि तिचा प्रियकर? तो तर गोसावी बनून राजवाड्यात शिरतो!"

"आता प्लंबर बनून शिरेल. नळाला पाणी नसताना प्लंबरला कोण अडवतंय?"

भाऊंनी मग अट घातली. "पहिल्या अंकात लोक हसले नाहीत, तर दुसऱ्या अंकात मी फेटा आणि अंगरखा घालून येणार. आणि यापुढे तुम्ही मंडळाचं नाटक बसवायचं नाही."

टीचरांनी मान डोलावली. फेट्याची ट्रंक विंगेत येऊन बसली.

प्रयोग शेजारच्या होळी नावाच्या गावातल्या मांडवात होता. प्लासिडने नांदीचा पहिला स्वर दिला आणि पुढच्या रांगेतल्या क्लारामावशी उठून उभ्या राहिल्या. माझा आवाज ऐकून उठायची त्यांची जन्माची सवय! त्यांच्यामागे सांडोरकर उठले. ते उठले म्हणून होळीकरही उठले, टोप्या सावरत. नांदी संपली तेव्हा मागून कोणीतरी "आमेन" म्हणाले.

नंतर सगळे बसले खरे, पण मिस्साला बसावे तसे, हात जुळवून. प्रियकराचे काम करणारा सिप्रियन प्लंबर बनून आला, पाना उलटा धरून नळाशी झटापट करू लागला. एक दात दिसेल तर शपथ! टायपिस्टने जुने प्रेमगीत टाइप करत म्हटले. क्लारामावशींनी डोळे मिटून घेतले. विंगेत मार्था टीचर पदराचे टोक चावत होत्या. भाऊंनी ट्रंकेतून फेटा काढून ठेवला आणि अंकातल्या शेवटच्या प्रवेशासाठी ते रंगमंचावर निघाले.

चेअरमन म्हणजे मुळात राजा. त्यामुळे त्यांच्या आगमनाला प्लासिडने खर्जाचे सगळे स्वर धरले आणि दोन्ही पाय जोरात दाबले. भाऊ ऐटीत खुर्चीवर टेकले, आणि नेमके तेव्हाच, "पर्र्र्र्र!"

सवयीने सगळ्यांचे ओठ मिटलेले. भाऊ अर्धवट उठले, पुन्हा बसले, मागे खुर्चीकडे बघू लागले. टीचरांनी डोळे मिटले.

तेवढ्यात सिप्रियनने नळाला कान लावला. "घाबरू नका, चेअरमनसाहेब. पाणी यायच्या आधी नळाला हवाच येते!"

पहिल्या रांगेतून एक प्रचंड हसू फुटले. ते फादर फ्रेडरिकांचे होते! त्यांनी चष्मा काढला, रुमाल तोंडात कोंबला, तरी ते थांबेना. इतक्या वर्षांच्या रविवारांचे हसू साठलेले होते. दाबलेली हवा एकदा वाट मिळाल्यावर थांबत नाही, हे मला तर ठाऊकच आहे.

क्लारामावशींनी एक डोळा उघडला. "फादर हसतायत? मग चालतंय की!" आणि त्या शेजारणीच्या खांद्यावर कोसळल्या. पाठोपाठ सगळा मांडव हसत सुटला. नाटक बघायला आलेले, घरच्या नळाला नुसती हवाच येणारे माणिकपूरकर तर सर्वांत जास्त.

मध्यंतरात भाऊ विंगेत आले. फेटा तिथेच होता. त्यांनी त्याची घडी घालून तो ट्रंकेत ठेवला आणि टीचरांना म्हणाले, "पुढचं नाटक लवकर बघून ठेवा." मग माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "प्लासिड, दुसऱ्या अंकात तो आवाज... जमेल ना? माझ्या फेट्याला एवढा हशा कधी मिळाला नव्हता रे."

पुढे देवळात विजेवरची नवी पेटी आली आणि मी मंडळाकडेच राहिले. प्लासिडचे गुडघे आता दुखतात. नाटक वर्षातून एकदाच होते. एरवी माझ्या पाठीवर केळीचे लोंगर पिकत ठेवतात आणि त्यांचा चीक माझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर ठिबकतो.

मित्रांनो, एवढे करा. लोंगर दुसरीकडे ठेवा. मला कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून वाजवा, कारण हवा खेळती राहिली तरच चामडे नरम राहते. भात्याला ठिगळे अवश्य लावा. फक्त मिस्त्री आला की त्याला डाव्या घडीपाशी थांबवा आणि सांगा, एवढी फट राहू दे. भाऊंचा प्रवेश अजून तिथूनच होतो.