लिंबाची फोड

वेटरनं पडदा बाजूला धरला होता, तेवढ्यात राजाबाईनं हॉलमधल्या मधल्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसली.

"आत बन्नी, आत या अम्मा," वेटर म्हणाला. पन्नाशीचा माणूस होता, कपाळाला भस्म. "फॅमिली आत बसत्यात."

"आत खिडकी हाय?"

"खिडकी न्हाय. एसी हाय."

"मग हितंच बरं."

प्रियदर्शनीनं आज्जीच्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं समोरची खुर्ची घेतली. तीन दिवसांत तिला एवढं कळून चुकलं होतं, की आज्जीनं पदर खोचला म्हणजे बोलून उपयोग नसतो.

सहल नातीच्या खर्चानं निघाली होती. नवी गाडी घेतली, म्हणाली, आज्जी, वडगाव सोडून तू काय बघितलंस, चल. पहिला दिवस निपाणीकडं गेला, कालचा कणकुंबीच्या रानात. आज परतीच्या वाटेवर, जांबोटी रस्त्याच्या या हॉटेलात शेवटचा थांबा. राजाबाईनं निघताना एकच अट घातली होती. जिथं बिअर मिळंल तिथं गाडी थांबवायची, आपण चव बघणार. पोरगी हसली होती. म्हातारी चेष्टा करत नव्हती हे तिला निपाणीच्या धाब्यावर कळलं. तिथं आज्जीनं बाटलीतली बिअर ग्लासात ओतून घेतली, आधी वास घेतला, मग एक घोट, आणि ग्लास सरकवून दिला. खिमा मात्र चाटूनपुसून खाल्ला. कणकुंबीला डब्यातली मिळाली. तिलाही आधी नाक लावलं.

"आज्जी, वास काय घ्यालीस गं सारखी?"

"बघालीय," एवढंच ती म्हणाली होती.

काय बघत होती ते नातीला कुठून ठाऊक असणार? हातमागाच्या घरात तांदळाची पेज रात्रभर आंबवायची आणि सकाळी ती खळ ताण्याच्या सुतावर चोळायची, म्हणजे सूत ताठ राहतं, तुटत नाही. हे काम बायकांचं. राजाबाईनं ते चाळीस वर्षं केलं. नवरा, नागराज, मागावर बसायचा, साडी उतरली की उठून प्यायला जायचा. गडी तसा देवमाणूस, सगळी गल्ली सांगेल. पिऊन कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही. घरी यायचा, पाटावर बसायचा आणि म्हणायचा, "हाताला खळीचा वास येतोय. लिंबू चोळून ये, मग वाढ." नखांच्या कडेला चिरा पडलेल्या असायच्या. लिंबू असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी यायचं. तरी ती चोळायची. पोराच्या लग्नात तिनं पंगतीत वाढायला बुंदीचं ताट उचललं, तर चारचौघांत त्यानं ते काढून घेतलं आणि भावजयीच्या हातात दिलं. "तू नको. वास येतोय." त्या दिवशी दोनदा लिंबू चोळलेलं होतं.

म्हणून तिला बघायचं होतं. ज्याला घरातला वास सोसत नाही, तो माणूस जन्मभर कुठल्या वासामागं जातो, हे एकदा आपल्या नाकानं बघायचं होतं. मरायच्या आधी. दुसरं काही नको होतं तिला या सहलीतनं.

"वैनी?"

कोपऱ्यातल्या टेबलावरनं यल्लाप्पा उठून आला होता. नागराजचा जुना मित्र, तोही विणकर, आणि आता गल्लीचा पंच. लग्न मोडायचं असो की गटार तुंबलेलं असो, यल्लाप्पाला विचारल्याशिवाय वडगावात पान हलत नसे.

"नागराज कुठाय?"

"घरात."

"आणि तुमी हितं?"

"चव बघाय आलोय. ही आमची प्रियदर्शनी, वळखलासा न्हवं?"

यल्लाप्पानं नातीकडं बघितलंच नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "आत बसा वैनी. पडदा हाय, सगळं हाय. बायकांनी असं मधी बसायचं म्हंजे... उद्या वडगावात बोलतील."

"कोण बोलंल, अण्णा? हितं वडगावचं तुमीच एकटं हायसा."

यल्लाप्पानं शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. प्रियदर्शनीनं मेन्यूकार्ड तोंडापुढं धरलं, पण तिचे खांदे हलत होते.

वेटरनं लाकडी फळी आणून ठेवली. तिच्यावर चार छोटे ग्लास, शेजारी तळलेल्या चिकनची बशी आणि कांदा.

"सगळी हितंच करतो, अम्मा. ही गव्हाची. ही जवाची. ही काळी. आणि ही आपल्या भागातल्या तांदळाची. हिला लई गिऱ्हाईक."

राजाबाईनं ओळीनं घेतलं. गव्हाची बरी लागली. जवाची कडू. काळी हुंगून म्हणाली, "कुणीतरी कॉफी करपवलीया." मग चौथा ग्लास नाकाशी नेला आणि तिचा हात तिथंच थांबला.

ग्लास खाली ठेवला. परत उचलला, परत हुंगला. मग तिनं दोन बोटं सरळ आत बुडवली आणि अंगठ्यावर घासून बघितली. खळीचा चिकटपणा पहाटे पातेल्याशी उभं राहून बघायची, अगदी तशीच.

"आज्जी, काय झालं?"

"काय न्हाय." ती यल्लाप्पाकडं वळली. "अण्णा, तुमच्या टेबलावर हीच हाय न्हवं? ही पांढुरकी?"

"व्हय."

"आमचं मालक बी हीच पित्यात?"

"त्याला दुसरी चालतच न्हाय," यल्लाप्पा म्हणाला. विषय बदलला याचं त्याला बरंच वाटलं असावं. "हे हॉटेल झाल्यापास्नं हितंच येतोय. ग्लास आला की आधी नाकाला लावून बसतोय गडी. म्हणतोय, जीव शांत हुतोय ह्या वासानं."

राजाबाईनं ओली बोटं त्याच्यापुढं धरली.

"घ्या वास."

"आवं वैनी, माणसं बघालीत."

"बघू देत. घ्या."

यल्लाप्पा वाकला. त्याची आई खळ करायची, बायको अजून करते. तो सरळ झाला तेव्हा त्याचा पंचाचा चेहरा कुठल्या कुठं गेला होता.

"कशाचा हाय, अण्णा?"

त्यानं कोपऱ्यातल्या स्वतःच्या ग्लासाकडं बघितलं. अर्धा राहिला होता.

"खळीचा," तो म्हणाला. तिला ऐकू जाईल एवढंच.

मग तो जाऊन आपल्या टेबलावर बसला. ग्लासाला पुन्हा हात लावला नाही.

राजाबाईनं चौथा ग्लास सावकाश, घोट घोट करत संपवला. आणखी एक मागवला, तोही संपवला. चिकन हातानं तोडून खाल्लं. छातीत चाळीस वर्षांचा संताप उसळून आला होता, आणि गंमत म्हणजे त्यातच तिला हसूही येत होतं. नातीनं विचारलं तर म्हणाली, "तिखट बरं हाय."

खाणं झाल्यावर वेटरनं कोमट पाण्याच्या दोन वाट्या आणल्या. पाण्यावर लिंबाची एकेक फोड तरंगत होती. प्रियदर्शनीनं बोटं बुडवली. राजाबाई वाटीकडं बघत राहिली. मग तिनं फोड उचलली, बशीत उरलेल्या चिकनच्या तुकड्यावर पिळली आणि तुकडा तोंडात टाकला. कागदानं बोटं पुसली. वाटी हातभर लांब सरकवली.

"अम्मा, हात धुवा की."

"ऱ्हाऊ दे."

प्रियदर्शनी गाडीची किल्ली घेऊन उठली. "आज्जी, खरंच धू गं. घरी गेल्यावर तूच ताट वाढणार. आजोबांना वास येईल."

राजाबाईनं बोटं नाकाशी नेली, हुंगली, आणि पदर सावरून उभी राहिली.

"येऊ दे," ती म्हणाली. "आवडतोय त्यास्नी."